कोल्हारचा बर्फवाला

मला त्याचा राग येतो, आणि राग यावा असं त्यानं माझं काहीच वाकडं केलेलं नाही. पंचाईत आहे ती हीच. त्यानं एखादा माझा पेशंट पळवला असता, पाठीमागे माझी निंदा केली असती, गेला बाजार माझ्या बायकोसमोर माझी टिंगल केली असती, तर मी मोकळ्या मनानं त्याच्यावर जळलो असतो. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

आम्ही दोघंही दातांचे डॉक्टर. डेंटल कॉलेजात एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. मी राहात्याचा, तो जामखेडच्या बाजूचा. पुढे जबड्याच्या सर्जरीची वरची पदवी त्याला मिळाली, मला मिळाली नाही. मी राहात्यात दवाखाना थाटला आणि पेरूच्या बियांनी किडक्या दातात जाऊन बसायचं व्रत घेतलेलं असल्यामुळे माझं बरं चाललं. त्याची पदवी माझ्याकडे असती तर मी पुण्यात हॉस्पिटल काढलं असतं. त्यानं नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला, प्रवरेच्या पुलाजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. "कोल्हारच का रे?" असं विचारलं तर म्हणाला, "हितं यष्टी थांबती."

त्याच्या पाटीवर नाव नव्हतं. नुसता एक दात होता. पेंटर दात रंगवून जेवायला गेला तो पुन्हा आलाच नाही, आणि यानंही त्याला बोलावलं नाही. मी म्हटलं, "अरे, नाव तरी टाक. पदवी टाक." त्यावर तो म्हणाला, "ज्याचा दुखतोय त्याला दात दिसला की बास झालं." माझ्या पाटीवर माझं नाव, पदवी, दोन सर्टिफिकेट कोर्स आणि वेळ लिहिलेली आहे, शिवाय ती संध्याकाळी पेटते. तरी माझ्याकडे येणारे 'तो बँकेजवळचा दातवाला' असंच म्हणतात. त्याला मात्र लोकांनी आपणहून नाव ठेवलं, बर्फवाला.

त्याचं कारण असं. इंजेक्शनच्या सुईवर प्लॅस्टिकचं बारीक टोपण असतं. तो नवी कोरी टोपणं पाण्यानं भरून फ्रीजमध्ये उभी लावायचा. बर्फाची काडीएवढी कांडी तयार व्हायची. पेशंट खुर्चीत बसला की तो दात कापसानं कोरडा करायचा, कांडी दाताला लावायचा आणि डोळे बारीक करून पेशंटच्या भुवईकडे बघत बसायचा. दात जिवंत असेल तर गार लागतं, मेलेला असेल तर लागत नाही. यात त्याचं संशोधन काही नाही. हे आम्हा सगळ्यांना कॉलेजात शिकवलेलं आहे. माझ्याकडे त्याच कामाचं विजेवरचं यंत्र आहे, त्यावर आकडा येतो. पण यंत्र लावलं की पेशंट घाबरून खुर्चीचे हात धरतो, आणि याच्याकडे बर्फ लागला की "आई गं!" म्हणून हसतो. मी हे त्याच्या दारात उभा राहून कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी माझ्या पोटात दुखलं आहे.

फ्रीज एकच होता. कांड्यांशेजारी त्याच फ्रीजमध्ये ताकाचा तांब्या आणि मेथीची जुडी असायची. लग्न केलेलं नव्हतं. कुणी छेडलं तर "राह्यलं खरं" एवढंच म्हणायचा, जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली होती. दुपारी तो पेशंटच्याच खुर्चीत आडवा होऊन झोपायचा. वरच्या दिव्याचा हात कधीच मोडलेला. तो दिवा त्यानं सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला होता आणि काम करताना कोपरानं ढकलून हवा तिकडे वळवायचा. मी त्याला नव्या दिव्याचं कॅटलॉग नेऊन दिलं, तर ते त्यानं खिडकीच्या फटीत वारा येऊ नये म्हणून लावलं.

खुर्चीशेजारी मदतीला कमलबाई असायच्या. अवजारं धुवायच्या, तोंडातलं पाणी ओढायची नळी धरायच्या आणि त्याला उघडपणे रागवायच्या. "डाक्टर, मान्सं भाईर ताटकळल्यात आन् तुमी यकाच दातापाशी काय भजन लावलंय?" हे मी स्वतः ऐकलं आहे. तो म्हणायचा, "त्यो अजून बोलला न्हाई, कमळाबाई." त्यो म्हणजे दात.

कॉलेजात तोंडी परीक्षेला आम्ही ओळीनं उभे होतो. सरांनी काचेवर एक्स-रे लावला. खालच्या जबड्यात दातांच्या मुळाशी मोठी काळी सावली होती. "काय आहे?" मी फाडफाड तीन लांबलचक नावं सांगितली, तिन्ही पुस्तकातली. सरांनी मान डोलावली. मग याची पाळी आली. हा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, मला म्हाईत न्हाई. ह्या दातांना कुनी इचारलंय का, त्ये जित्ते हायत का म्हनून?" सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ते दात जिवंत होते, ती सावली रिकामी होती आणि पहिला नंबर त्याचा आला, हे सगळं मला एकाच दुपारी कळलं.

'मला म्हाईत न्हाई' हे तो पेशंटलाही बेधडक सांगायचा. मी असं म्हटलं तर पेशंट चपला घालून समोरच्या दवाखान्यात जातो. तो असं म्हणाला की मात्र लोक हात जोडत. "आसं खरं बोलनारा डाक्टर न्हाई बघा," म्हणत. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. म्हणजे मी इतकी वर्षं सगळं माहीत करून घेतलं ते कशासाठी?

माझे काही पेशंट त्याच्याकडे जाऊन परत येत. तो त्यांना ठेवून घेत नसे, माझ्याकडेच धाडायचा, तोंडी निरोप देऊन. पेरू विकणारी एक बाई एकदा भर दवाखान्यात, बाकावर माणसं बसलेली असताना, मोठ्यानं म्हणाली, "बर्फवाल्या डाक्टरांनी सांगिटलंय, राहातेकराला म्हनावं दात जित्ता हाय, मारू नगं." बाकावरचे सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी खाटीकच आहे. त्या एका वाक्यानं माझी जेवणं आठवडाभर बेचव झाली होती.

आता मुख्य गोष्ट. मी संपूर्ण जबड्याचा फोटो काढणारं मोठं मशीन घेतलं. राहात्यात तेव्हा तसं कुणाकडे नव्हतं. खंडेनवमीला सगळे आपापल्या यंत्राची पूजा करतात, म्हणून मुहूर्तही तोच धरला. मशीनला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि ठरवलं की पहिला फोटो घरातल्या लक्ष्मीचा. माझी ऋतुजा तेव्हा अकरावीत होती. तिच्या दातांना तारा लावायच्या होत्या, त्यामुळे फोटो काढायचाच होता. या बर्फवाल्याला मी मुद्दाम बोलावलं होतं. खोटं कशाला बोलू, मशीन दाखवायला बोलावलं होतं. तो एसटीनं आला, बरोबर गुळाची ढेप घेऊन.

पडद्यावर फोटो उमटला. पाहुणे पेढे खात म्हणाले, "वा, काय क्लिअर आलाय!" ऋतुजाच्या खालच्या जबड्यात उजव्या बाजूला दाढांच्या मुळांखाली काळी सावली होती. लहानसहान नाही, मुळांच्या मधल्या फटींत वर चढलेली. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. अशा जागी होणाऱ्या सगळ्या वाईट गाठी मला पाठ होत्या आणि त्या एकामागून एक आठवू लागल्या. पाहुणे पुढच्या पेढ्याकडे वळले. माझ्या खांद्यामागून आवाज आला, "घरात बर्फ हाय का रं?"

दवाखान्यावरच आमचं घर. वर स्वयंपाकघरात बायको, मंगल, पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होती. तिथंच पाटावर ऋतुजाला बसवून यानं ट्रेमधला बर्फ फोडला, फडक्यात धरला आणि एकेक दात पुसून लावत गेला.

"लागतंय?"

"लागतंय काका! आई गं!"

"आन् ह्यो?"

"अहो काका, पुरे!"

सगळेच्या सगळे दात जिवंत होते. दात मेल्यामुळे जी गाठ होते तिच्यात पाण्याची पिशवी असते, ती सोलून काढावी लागते. ही त्यातली नव्हती. यानं बाहेरून, आतून जबडा चाचपला. सूज नव्हती, दात हललेले नव्हते. "लहानपनी पडली हुती का कुठं?" त्यानं विचारलं. झोक्यावरून पडली होती. मार लागला तर कधीकधी हाडात नुसती पोकळी राहते. "झोकाच आसंल आसं न्हाई," तो म्हणाला, "पर मला वाटतं रिकामी खोली हाय. भाडेकरू न्हाई आत."

"वाटतं म्हणजे?" मी ओरडलोच.

"म्हाईत न्हाई. उघडून बगाय लागंल."

मी त्याचं ऐकलं नाही. मी पुण्याला गेलो. तिथले सर्जन मोठे आणि सज्जन होते. ते म्हणाले, तुकडा काढून तपासू, पण मनाची तयारी ठेवा, गाठ वाईट निघाली तर जबड्याचा भाग काढून पायाचं हाड बसवावं लागेल. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. येताना गाडीत ऋतुजा आरशात हनुवटी बघत होती. तिनं विचारलं, "बाबा, चेहरा वाकडा होईल का हो?" मी गाडी बाजूला घेतली आणि पाणी प्यायचं निमित्त करून खाली उतरलो.

घरी आल्यावर मंगलनं एकच विचारलं, "पुण्याचे काय म्हणाले ते राहू दे. तुमचे कोल्हारचे काय करणार आहेत?"

"लहानशी खिडकी पाडून आत बघणार आहे. आत काही सापडलं तर हात न लावता तुकडा तपासायला देणार, आणि मग स्वतः आपल्याला पुण्याला घेऊन जाणार."

"मग कोल्हारलाच," मंगल म्हणाली. "ते बघून सांगतात, तुम्ही पाठ करून सांगता."

हे माझ्या बायकोनं मला म्हटलं, माझ्याच घरात.

आमचं कोल्हारला जायचं ठरलं त्या सकाळी माझ्या मनात जे चाललं होतं ते लिहायला नको, पण लिहितो. आयुष्यभर मी वाट बघितली होती की हा एकदा तरी चुकावा. सगळ्यांसमोर, ठळक चुकावा. आणि त्या सकाळी मी बाभळेश्वरच्या चौकापासून देवाला विनवत होतो की आज याचंच खरं होऊ दे. दुसऱ्या कुणाचं खरं व्हावं म्हणून मी इतक्या कळकळीनं कधी काही मागितलं नव्हतं. त्यातही मला जळत होतंच. माझ्या पोरीचा जबडा वाचायचा तो याच्याच शब्दानं वाचायचा होता.

मी हात धुऊन, मास्क लावून तयार झालो. त्यानं मला दारातच अडवलं. "तू आज डाक्टर न्हाई. बाप हायस. भाईर बस." मी एसटीची वाट बघणाऱ्या माणसांबरोबर बाहेर बाकावर बसलो. आतून कमलबाईंचा आवाज येत होता, "पोरी, घाबरू नगंस, म्या हाय." मग हाडावर चालणाऱ्या ड्रिलचा. तो आवाज मी रोज काढतो, पण त्या दिवशी मला तो ऐकवेना.

मग हाक आली. "राहातेकर, ये. बग."

सुतळीला बांधलेला दिवा त्यानं कोपरानं माझ्यासाठी वळवला. हिरडी बाजूला केलेली होती आणि हाडाला लहानशी खिडकी. मी वाकून बघितलं. आत काही नव्हतं. ना गाठ, ना पिशवी. स्वच्छ पोकळी होती आणि तळाशी ओठाला संवेदना देणारी नस दोऱ्यासारखी पडलेली होती. पुस्तकात अशा पोकळीबद्दल मी वाचलं होतं, उत्तरात लिहिलं होतं, पण डोळ्यांनी ती कधी बघितली नव्हती. मी मास्कमध्येच रडलो. कमलबाई म्हणाल्या, "अवो डाक्टर, पोरीवर थेंब पडंल, मागं सरा."

त्यानं पोकळीच्या भिंती हलक्या हातानं खरवडल्या, नस सांभाळून. जे काही निघालं ते तपासायला बाटलीत घातलं. भिंतींतून रक्त पाझरलं आणि पोकळी भरली. "आता ह्ये रगात गोठंल," तो म्हणाला, "आन् हाड आपलं आपन घर बांधंल. आपलं काम दार उघडायचं." आणि टाके घातले. इतकंच. ऋतुजाचा ओठ बधिर होता, तरी ती त्याच्याकडे बघून वाकडं हसली. काही दिवसांनी तपासणीचा कागद आला, त्यात वाईट काही नव्हतं. पुढच्या खंडेनवमीला मी माझ्या मशीनवर तिचा फोटो काढला. सावलीच्या जागी हाड भरलं होतं. मी तो फोटो घेऊन कोल्हारला गेलो. त्यानं खिडकीला धरून बघितला आणि म्हणाला, "ताक घेतो का?"

इथवर सगळं ठीक होतं. ऋणात राहून जळता येतं, त्याची मला सवय झाली असती. पण बारावीनंतर ऋतुजा म्हणाली, "मी डेंटलला जाणार." मी हुरळलो. पेढेच आणणार होतो, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "काकांसारखं व्हायचंय मला."

घरात बाप दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, पेटणारी पाटी, मशीन. आणि पोरगी म्हणते काकांसारखं.

ती शिकली. जबड्याच्या सर्जरीची पदवीही तिनं मिळवली, जी मला मिळाली नव्हती. मी पाटीवर माझ्या नावाखाली तिचं नाव घालून ठेवलं होतं. ती आली, पाटी बघितली, "छान आहे बाबा," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून कोल्हारला गेली. मग रोजच जायला लागली. संध्याकाळी जेवताना त्याच्याच गोष्टी. "काका आज असं म्हणाले, काकांनी आज तसं केलं." मी भाकरी मोडत राहायचो. माझ्या दवाखान्यातली खुर्ची रिकामी ठेवून ती त्या सुतळीच्या दिव्याखाली उभी राहते, याचं मला काय वाटायचं ते मी मंगललाही सांगितलं नाही. तिला न सांगता कळत होतं आणि तिला हसू येत होतं.

एक दिवस त्यानं दवाखाना बंद केला. हात कापायला लागला होता. कुणाला बोलला नाही, सत्कार घेतला नाही. जामखेडकडे भावाच्या शेतावर जाऊन राहिला. कमलबाईंना खुर्चीखालची पितळी बादली दिली, ऋतुजाला फ्रीज दिला. तो फ्रीज टेम्पोतून माझ्या दवाखान्यात आला तेव्हा मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "दरवाजातून जाणार नाही, बघा." फ्रीज सहज आत गेला.

आता ऋतुजा माझ्याकडे बसते. कोल्हार बंद झालं म्हणून नव्हे, असं मी मनाला सांगतो.

परवाची गोष्ट. ऊसतोडीला आलेल्या टोळीतली एक पोरगी तिच्या आईनं आणली होती. दुसरीकडे दात काढायला गेली असताना फोटोत सावली दिसली होती. आई म्हणाली, "मॅडम, पोरीच्या तोंडात काय निघालंय? तिचं लगीन ठरलंय वो. जबडा कापाय लागतोय म्हनं." माझ्या जिभेवर तीन लांबलचक नावं आली. ऋतुजानं फ्रीज उघडला, कांडी काढली आणि एकेका दाताला लावत गेली. पोरगी प्रत्येक दाताला किंचाळून हसली. ऋतुजा आईला म्हणाली, "मला माहीत नाही, मावशी. उघडून बघू." आणि त्या बाईनं हात जोडले.

ऑपरेशनला ऋतुजानं मला बाहेर बसवलं नाही. म्हणाली, "बाबा, दिवा धरा." आमच्या दिव्याला स्वतःचा हात आहे, तो हवा तिथं थांबतो. तरी मी धरला. खिडकी उघडली, ती वाकली, मग मला म्हणाली, "बघा." आत काही नव्हतं.

टाके घालून, हात धुऊन तिनं पहिला फोन जामखेडला लावला. मी शेजारीच उभा होतो, पण पहिला फोन तिकडे. स्पीकरवर टाकला.

"काका, रिकामी खोली होती!"

"नस?"

"सांभाळली."

"झ्याक. आन् दिवा कुनी धरला?"

"बाबांनी."

फोनमधून शेतावरचा वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "माजा दिवा जलमभर सुतळीनं धरला, पोरी. त्या दिवशी तुज्या बापाला म्या भाईर बसीवलं ना, तवा दारातनं बगितलं हुतं त्याच्याकडं. आसं कुनासाठी घाबराय मला कंदी मिळालंच न्हाई. लई वरीस जळतुय म्या तुज्या बापावर. सांगू नगं त्याला."

ऋतुजानं माझ्याकडे बघितलं. मी दिव्याकडे बघितलं, तो अजून चालूच होता, तो बंद केला.

मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. ऋतुजा जवळ येऊन उभी राहिली. पण इतकी वर्षं माझ्यावर जळून त्यानं ते एकदाही चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं. माझं मात्र साऱ्या तालुक्याला माहीत होतं. जळायचं कसं हेसुद्धा त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं.